'टाकाऊपासून टिकाऊ'साठी नवं सामान विकत आणायचं?

इंदिरानगरची_आई

मागच्या महिन्यात रात्री नऊ वाजता चिरंजीवांनी डायरी पुढे केली. उद्याचा प्रकल्प: टाकाऊपासून टिकाऊ. सामान: आइस्क्रीमच्या काड्या ५०, कागदी कप १०, ग्लिटर शीट २, फेविकॉल. आता पन्नास काड्या 'टाकाऊ' व्हायला आम्ही घरात किती कुल्फ्या खायच्या? दुकानात गेले तर याचं तयार पाकीटच निघालं. दुकानदार न विचारता म्हणाला, "चौथीचं ना? ग्लिटर संपलंय, फोम शीट देऊ?"

मी काहीच न घेता परत आले. जुन्या लग्नपत्रिका कापून आम्ही पेनस्टँड केला. शेरा आला: 'फिनिशिंग हवे.' बाकीच्यांचे काड्यांचे बंगले आठवडाभर वर्गाच्या खिडकीत बसले आणि मग डब्यात गेले. ग्लिटर आणि फेविकॉल फासलेल्या त्या कागदाला रद्दीवालाही हात लावत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पर्यावरणाच्या नावाने शाळेने विकतचं सामान मागणं बंद करावं. तो उपक्रमच नको. मोठ्या भावाचं दप्तर घेऊन आलेल्या मुलाला वर्गात कोणी हसणार नाही एवढं बघावं, बास.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

ताई, राग समजला, पण तुम्ही ग्रॅममध्ये भांडताय. दहा कपांचं वजन ते किती! आपल्याकडच्या शहरांच्या कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास तर ओला कचराच असतो. भाजीची देठं, सालं, उरलेला भात. ते सोडून पोरांच्या काड्या काय मोजायच्या?

आमच्या सोसायटीत प्रत्येक घरात हिरवा-निळा डबा आहे. बायको इमानदारीने वेगळं करते. सकाळी सफाईवाला दोन्ही डबे एकाच पिंपात उपडे करतो, सेक्रेटरीच्या डोळ्यांदेखत. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच ओला, सुका आणि घरातला घातक कचरा घरीच वेगळा करा असं स्पष्ट लिहिलं होतं. पण पिंप एकच असेल तर घरातल्या माणसाने कशाला मरायचं? आधी व्यवस्था, मग संस्कार.

फळ्यासमोरची_बाई

मी शिक्षिका आहे. दुसऱ्या शाळेतली, त्यामुळे तुमच्या शेऱ्याची जबाबदारी माझी नाही.

यादी का द्यावी लागते ते ऐका. मी एका वर्षी नुसतं लिहिलं होतं, 'घरात असेल ते आणा.' त्या रात्री सतरा पालकांचे फोन. "मॅडम, नक्की काय आणू?" दुसऱ्या दिवशी तिघी मुली रिकाम्या हाताने रडत आल्या, आणि एका मुलाच्या वडिलांनी बाहेरून करून घेतलेला लाकडी बंगला आणला. यादी दिली की निदान सगळे सारखे दिसतात. शिवाय उपक्रमाचा फोटो वर पाठवायचा असतो. लग्नपत्रिकांचा पेनस्टँड फोटोत उठून दिसत नाही, हे मला आवडतं असं नाही.

आणि 'उपक्रमच नको' हे मला मान्य नाही. आमच्या वर्गात मार्चअखेर सगळ्यांच्या वह्यांची कोरी पानं सोडवून बाइंडरकडून शिवून घेतो. जूनमध्ये प्रत्येकाला एक कच्ची वही मिळते. तोही उपक्रमच आहे. फरक एवढाच, की त्याचा फोटो कोणी मागत नाही.

नाशिकरोड_निवृत्त

बाईंच्या वह्यांवरून आठवलं. शाळेतल्या कचऱ्याचं बोलताना पुस्तकांकडे कोणाचं लक्ष नाही. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घातली होती, दप्तर हलकं व्हावं म्हणून. हेतू चांगला होता. पण माझ्या नातवाने त्या पानांवर जे काही लिहून, गिरवून, मिशा काढून ठेवलं होतं, त्यानंतर ते पुस्तक धाकटीला देण्याच्या लायकीचं उरलं नाही. वह्या घ्याव्या लागल्याच. २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली, बरं झालं. आमच्या वेळी एक भूगोलाचं पुस्तक चार भावंडांनी वापरलं. शेवटच्याला नकाशे रंगवलेले आणि उत्तरांवर खुणा केलेल्या मिळायच्या, हा त्याचा फायदा.

पाला_पाचोळा

सातपूरकर, पिंप सुटायची वाट बघत बसलात तर नातवंडंही बघतील. ओलं घराबाहेर जाऊच देऊ नका. आम्ही गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी दोन माणसं उभी राहतील एवढी. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, तळाला आणि बाजूंना भोकं, खाली विटांचे तुकडे. एक मूठ ओलं टाकलं की त्यावर दोन मुठी वाळका पाला. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर. सुरुवातीला आंबट ताकाचा हबका. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत, पावसानंतरच्या मातीसारखा वास.

घाण वास आला तर समजायचं की पाला कमी पडला. हवा खेळली तर कचरा कुजतो, कोंडली तर सडतो. सगळी गंमत एवढीच.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

आणि द्राक्षाच्या हंगामात? फेब्रुवारीत आमच्याकडे गावाहून क्रेट येतो. मागे बादलीचा प्रयोग केला होता, चिलटांनी घर डोक्यावर घेतलं. वर पांढऱ्या अळ्या. बायकोने बादलीसकट फेकलं. वाळका पाला तरी रोज आणायचा कुठून?

पाला_पाचोळा

द्राक्षं वर नुसती पसरली असणार तुम्ही. खाली गाडायची, वर मातीचा थर. अळ्या काही करत नाहीत, उलट काम लवकर उरकतात. पाला मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यावर ढिगाने पडलेला असतो, लोक पेटवून देतात. तीन गोणी भरून ठेवल्या की दिवाळी गाठतात. गोणी जिन्याखाली ठेवल्यावर शेजारीण बोलते, ते मात्र खरं आहे. तिला खत दिलं तरी बोलते.

पंचवटीची_सून

सगळं वाचलं. एक विचारू? हे करतं कोण? सातपूरकरांची 'बायको इमानदारीने वेगळं करते', बादलीही बायकोनेच फेकली. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीच्या गजाला वाळत घालते कोण? कोपरा पूर्ण तोडू नका, तो इवलासा तुकडा कचऱ्यात हरवतो, हे ज्ञान घरात सगळ्यांना आहे. कात्री माझ्याच हातात असते.

मागे पंचवीस माणसांचं जेवण होतं. सासरे म्हणाले, "थर्माकोलची ताटं आपल्या घरात येणार नाहीत, स्टीलची काढा." पाहुण्यांनी वाहवा केली. मामंजी वामकुक्षीला गेले. मी आणि भांडीवाल्या मावशी साडेपाचपर्यंत मोरीत. त्या दिवशी थर्माकोल मलाही वाईट वाटला नसता, खोटं कशाला बोलू.

इंदिरानगरची_आई

हे वाचून गप्प बसले. आमच्याकडेही लग्नपत्रिका कापणारी मीच होते, रात्री साडेदहापर्यंत. तरी थर्माकोल नको हो. पळसाच्या पत्रावळी घ्या. फक्त उलटून बघा, हल्ली बऱ्याच 'पत्रावळीं'ना खालून चकचकीत प्लास्टिक चिकटवलेलं असतं. आणि पंचवीस ताटं असतील तर पंचवीस जणांनी आपापलं विसळावं, मामंजींसकट.

हिशेबी_माणूस

भावना बाजूला ठेवून एक आकडा देतो. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०११ मध्ये पिशव्यांचा हिशेब मांडला होता. नवी सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरली, तरच हवामानावरचा तिचा बोजा एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा कमी होतो. कापूस पिकवायला, विणायला लागतं ते सगळं धरून. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवात आमच्या हिच्या वाणात चौदा कापडी पिशव्या आल्या. १८३४ वेळा बाजारात जायचं. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजाराला दर आठवड्याला गेलो, तर पस्तीस वर्षं. पर्यावरणपूरक वाण म्हणे!

पाला_पाचोळा

तो हिशेब नव्या कापसाचा आणि हवामानाचा आहे. पातळ पिशवी गटारात अडकते, गायीच्या पोटात जाते, ते त्यात नाही. जुन्या साडीची शिवली तर कापूसही नव्याने पिकवावा लागत नाही. आणि तुमच्या चौदापैकी खऱ्या सुती किती? एकेकीचा धागा काढून काडीने पेटवा. सूत जळून राख होते. वितळून गोळी झाली की ते प्लास्टिक, 'नॉनवोव्हन'. दिसायला कापड, पण २०१८ च्या राज्याच्या बंदीत त्याही होत्या.

हिशेबी_माणूस

पेटवल्या. नऊ वितळल्या. म्हणजे पाच पिशव्या, ६५५ फेऱ्या. हिने विचारलं, स्वयंपाकघरात काय जळतंय. सांगितल्यावर जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुद्दा तोच राहतो, चौदा काय आणि पाच काय, वाण म्हणून पिशवी देणंच थांबवा. तिळगूळ द्या, पुरे.

पंचवटीची_सून

वाणाचं बायकांवर सोडा हो. तुमच्या कंपनीच्या प्रत्येक सेमिनारला मिळालेल्या प्लास्टिकच्या बाटल्या कपाटात किती आहेत, तेही एकदा मोजा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

माझं मत बदललेलं नाही. पण शनिवारी सुट्टी आहे. सेक्रेटरीकडे दुसऱ्या पिंपाचं विचारायला जातोय, तेवढं करतो. बादली नको, आमच्या घरात तो विषय बंद आहे.

फळ्यासमोरची_बाई

इंदिरानगरच्या आई, यंदा डायरीत यादी लिहिणार नाही. 'घरातलंच, दुकानातून काही आणल्यास गुण नाहीत' एवढंच लिहीन. पण रात्री नऊला "मॅडम, नक्की काय आणू?" असा फोन आला, तर तुमचा नंबर देणार आहे.

इंदिरानगरची_आई

द्या. साडेदहापर्यंत जागीच असते.