मदत हवी आहे: ग्रेव्हजनंतर काय? ग्रीक पुराणकथा आणि धर्मावरची पुस्तकं

कोरी_पाटी:
रॉबर्ट ग्रेव्हजच्या 'द ग्रीक मिथ्स'चे (१९५५) दोन्ही खंड संपले. तीन अडचणी आहेत. टिपांमध्ये सगळं फिरूनफिरून मातृदेवी आणि बळी जाणाऱ्या राजापाशी येतं, ते कितपत खरं धरायचं? मेडूसा कुठे जन्मतःच भयंकर, तर कुठे शापित सुंदरी. मूळ कथा कोणती? आणि लोक देवळात नेमकं काय करायचे, हे कुठे मिळेल? इंग्रजी चालेल, ग्रीक येत नाही. दोन-तीन पुस्तकंच घेणार आहे.

पारावरचा:
ग्रेव्हजमध्ये प्रत्येक प्रकरणात आधी गोष्ट, मग आधारांची यादी, मग टिपा. यादी कामाची आहे, टिपा सोडून द्या. तो कवीचा स्वतःचा सिद्धांत आहे. गोष्टही जपूनच वाचा. होमर आणि बाराव्या शतकातला बायझंटाइन त्झेत्झेस एकाच परिच्छेदात शिवलेले असतात आणि टाका दिसत नाही.

मेडूसाचंच बघा. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या 'थिऑगनी'त (देवांच्या जन्माचं काव्य, ओळ २७० पासून) ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एकटी मर्त्य. पोसायडन तिच्याशी फुललेल्या कुरणात संग करतो. देऊळ नाही, शाप नाही. मिनर्व्हाचं (रोमनांची अथीना) देऊळ आणि केसांचे साप येतात ओव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस'मध्ये, चौथ्या सर्गाच्या शेवटी. ओव्हिड रोमन, आणि हेसिअडनंतर सुमारे सातशे वर्षांनी लिहिणारा. त्यामुळे 'मूळ कोणतं' यापेक्षा 'हे कोण, कधी सांगतंय' असं विचारा. वाल्मीकींची अहल्या तरी कुठे शिळा होते?

पहिलं पुस्तक अपोलोडोरसचं 'लायब्ररी', म्हणजे पुराणकथांचा प्राचीन संग्रह, रॉबिन हार्ड यांचं भाषांतर, ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स. वंशावळीने जाणारं, रुक्ष, पण छोटं. पैसे वाचवायचे तर फ्रेझरचं १९२१ चं भाषांतर 'पर्सियस' या प्राचीन ग्रंथांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. हीच कथा आणखी कोणी सांगितली ते त्याच्या तळटीपांत मिळतं. संदर्भ ३.१३.६ असा दिसला की पुस्तक, प्रकरण, परिच्छेद. तिथेच अकिलीसचं लहानपण आहे: त्याची आई थेटिस त्याला रात्री आगीत धरते, दिवसा अमृत चोळते. स्टिक्स नदीत बुडवणं तिथे नाही. ते पहिल्या शतकातल्या स्टेशियसकडे सापडतं.

टिमोथी गँट्झचं 'अर्ली ग्रीक मिथ' (१९९३) विकत नको, ग्रंथालयात बघा. सलग वाचायला घेतलंत तर पन्नास पानांत दमाल. सूचीतून नाव काढायचं, तेवढंच वाचायचं.

तिरकस:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कथासंग्रहात मिळणारच नाही. मिकलसन यांचं 'एन्शंट ग्रीक रिलिजन' आधी, मग वॉल्टर बुर्कर्ट यांचं 'ग्रीक रिलिजन' (जर्मन १९७७, इंग्रजी १९८५). बुर्कर्ट पहिल्या पानापासून वाचू नका. पहिलं प्रकरण मिनोअन-मायसीनिअन काळाचं, म्हणजे होमरच्याही आधीच्या कांस्ययुगाचं आहे, तिथेच गाडी रुतते. दुसऱ्यापासून, विधी आणि पवित्र स्थानांपासून, सुरू करा.

देऊळ म्हणजे मूर्तीचं घर. यज्ञ बाहेर उघड्यावरच्या वेदीवर. जव टाकायचे, पशूच्या कपाळावरचे थोडे केस कापून आगीत, मग गळा चिरायचा. मांड्यांची हाडं चरबीत गुंडाळून देवाला जाळायची, काळीज-यकृत सळईवर भाजून आधी खायचं, उरलेलं मांस शिजवून वाटायचं. देवाला हाडं आणि माणसाला मांस, हे कसं? त्याचं उत्तर 'थिऑगनी'त ५३५ व्या ओळीपासून: प्रॉमिथिअस झ्यूसपुढे दोन वाटे मांडतो आणि झ्यूसच्या वाट्याला हाडं येतात.

कोरी_पाटी:
हे जुळलं! जेन हॅरिसनचं 'प्रोलेगोमेना' (१९०३) फुकट मिळतंय. वाचू?

तिरकस:
बुर्कर्टनंतर. सणांची वर्णनं आणि झ्यूस मायलिखिओसचं सर्परूप अजूनही वाचण्यासारखं. पण ऑलिम्पिअन देव एकीकडे, पाताळातले दुसरीकडे, अशी तिने केलेली काटेकोर फाळणी आता तशी मानत नाहीत. आधी हॅरिसन वाचलंत तर ती डोक्यातून काढताना त्रास होईल.

पारावरचा:
आणि हेसिअड विसरू नका. 'थिऑगनी' जेमतेम हजार ओळींची, एका दुपारचं काम. वेस्ट यांचं भाषांतर घ्या. त्यातच 'वर्क्स अँड डेज' आहे. पँडोराकडे पेटी नसून रांजण आहे, ते तिथे दिसेल.