मदत हवी आहे: बी.एड.च्या पाठांना सहाध्यायींनी ऑनलाइन गुण देणं थांबवू का?

नमस्कार मंडळी. बी.एड. कॉलेजात शिकवते. सूक्ष्म अध्यापनासाठी (एकेका कौशल्याचा छोटा सराव पाठ, समोर सहाध्यायीच) यंदा कागदी निरीक्षण तक्त्याऐवजी गूगल फॉर्म केला. ६ मिनिटांचा पाठ मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, मग छात्राध्यापकाने स्वतःला आणि गटातल्या चौघांनी त्याला घटकवार ५ पैकी गुण द्यायचे. पाठ, प्रत्याभरण (फीडबॅक), पुनर्नियोजन, पुनर्पाठ, पुनर्प्रत्याभरण हे ३६ मिनिटांचं चक्र जरा सुटसुटीत होईल, एवढीच अपेक्षा.

झालं भलतंच. फॉर्मवर नाव होतं तोवर सगळ्यांना ५, कारण उद्या आपलाही पाठ आहे! नाव काढलं, तर एका मुलीला शेरा आला: 'आवाज मागे येतच नाही, शिक्षिका कशाला होतेस?' प्रश्न कौशल्यात ही वर्गात सगळ्यात सरस. आता फळ्याकडे तोंड करून बोलते. स्वयंमूल्यमापनाची तऱ्हा आणखी वेगळी. चांगले पाठ घेणारे स्वतःचा व्हिडिओ बघून २ देतात आणि ज्यांना टाचण धड काढता येत नाही ते खुशाल ५.

पुढच्या वर्षी आंतरवासिता, म्हणजे खऱ्या मुलांसमोर १६ आठवडे. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलांचं स्वयं आणि सहाध्यायी मूल्यमापन आहेच, ते उद्या यांनाच घ्यायचंय. त्यामुळे बंद करवत नाही. नाव ठेवू की काढू? आणि त्या मुलीला परत उभं कसं करू?

प्रतिसाद १
ताई, नावाचं नंतर बघा, आधी गुण काढा. आमच्याकडे निरीक्षक फक्त मोजतो: प्रश्न किती, त्यातले हो-नाहीचे किती, विचारल्यावर किती सेकंद थांबला. आकड्याला भिडस्तपणा नाही आणि खवचटपणाही नाही. त्या मुलीला तिच्याच पाठातले प्रश्न मोजायला लावा. व्हिडिओ मात्र दुसऱ्या दिवशी. पाठ झाल्या झाल्या माणसाला फक्त स्वतःचा आवाज खटकतो.

प्रतिसाद २
नाव ठेवाच, पण ते तुम्हालाच दिसू दे. शेरे आधी तुम्ही वाचा, मग पुढे पाठवा. काम वाढेल, इलाज नाही.

धागाकर्ती
दोघांचे आभार. सोमवारच्या गटापासून मोजणी सुरू करते. प्रश्न कौशल्याला जमेल, पण सज्जता प्रवर्तनाच्या (मुलांना विषयाकडे वळवणारी सुरुवात) पाठात मोजायचं काय? कुणी तसा तक्ता केलाय का?