हस्की कुत्र्यांच्या पिल्लांची जाहिरात ग्रुपवर ठेवायची का?

सुहासकाका, बी-२०४: सकाळी फॉरवर्ड झालेली जाहिरात सगळ्यांनी पाहिली असेल. 'हस्की, ३५ दिवस, केसीआय पेपरसह, होम डिलिव्हरी, बुकिंग पाच हजार.' आपल्या दोन घरांत घ्यायचा विचार चाललाय. यात काही गैर आहे का?

अ‍ॅड. मेधा, सी-७०२: काका, ३५ दिवस हीच पहिली अडचण. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरची, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि व्याख्येत मधला व्यापारीही येतो. त्यामुळे 'मी फक्त फोटो टाकतो' म्हणून कुणी सुटत नाही. केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर म्हणजे वंशावळीचा दाखला, ब्रीडरची सरकारी नोंदणी नव्हे. लोक नेमके इथेच फसतात.

डॉ. निखिल, ए-१०५: वय तोंडात दिसतं. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात आलेले असतात, पाचव्या आठवड्यात मागच्या दाढा पुऱ्या नसतात. लसीचं पुस्तक बघताना बाटलीवरून काढून चिकटवलेलं, बॅच नंबर असलेलं स्टिकर आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक शोधा. नुसती पेनाने लिहिलेली तारीख मी धरत नाही. होम डिलिव्हरीत आई दिसत नाही आणि जागाही दिसत नाही. पार्व्हो या विषाणूच्या आजाराची लक्षणं साधारण तीन ते सात दिवसांत दिसतात, म्हणजे पिल्लू घरी येतं तेव्हा खेळतं आणि चौथ्या दिवशी उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू होतात. तोवर विकणाऱ्याचा नंबर बंद.

वैदेही, बी-६०१: आणि जी जगतात, त्यातली बरीच आठ-दहा महिन्यांनी शेल्टरच्या फाटकाशी येतात. हस्कीच्या अंगावर दुहेरी केस, पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला. दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलं की ते हेल काढून रडतं, दारं कुरतडतं. मग 'री-होमिंग'चा मेसेज फिरतो. शेल्टरमध्ये नवीन कुत्रं आधी दोन आठवडे वेगळं ठेवावं लागतं. ते इतरांवर धावून जाणारं असेल तर पिंजरा त्या एकट्याचाच, महिनोन्‌महिने. तेवढ्यात गाडीखाली आलेलं रस्त्यावरचं कुत्रं आलं की जागा नाही म्हणून सांगावं लागतं, याचं फार वाईट वाटतं. विण्याच्या कामातून बाद झालेल्या माद्या तर रस्त्यावरच सोडतात. नियमानुसार १८ महिन्यांआधी आणि आठ वर्षांनंतर वीण घ्यायची नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. अंगात ओळखीची मायक्रोचिप नाही, मग ती मादी कुणाची हे शोधणार कसं?

संजय, सेक्रेटरी: मग जाहिराती थांबवायच्या कशा? एक साइट बंद केली तर दुसरीवर येतील.

अ‍ॅड. मेधा: बंद करण्यापेक्षा फॉर्ममध्येच अट हवी. ब्रीडरचा नोंदणी क्रमांक आणि पिल्लाच्या चिपचा १५ अंकी क्रमांक भरल्याशिवाय जाहिरात चढूच नये, आणि तो नोंदणी क्रमांक मंडळाच्या यादीशी जुळावा. एकच चिप दोन जाहिरातींत आली की तिथेच पकडता येईल. त्यासाठी ती यादी सगळ्यांना ऑनलाइन शोधता यायला हवी, माझा सगळ्यात जास्त आग्रह याचाच. 'विक्री' न म्हणता 'अ‍ॅडॉप्शन चार्ज' लिहितात, म्हणून अट शब्दाला नको, पैसे घेण्याला हवी. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतली पिल्लं मधल्या विक्रेत्याला धंदा म्हणून विकता येत नाहीत, मांजरांचीही नाहीत.

सुहासकाका: आपण काय करायचं?

अ‍ॅड. मेधा: औंधच्या पशुसंवर्धन आयुक्तालयाला आणि राज्य मंडळाला पत्र देऊ. सोबत जाहिरातीचा तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी. स्क्रीनशॉट आधी काढा, तक्रारीची कुणकुण लागली की जाहिरात उडते. पुरावा म्हणून आगाऊ पैसे मात्र भरू नका. देशी पोपट किंवा स्टार कासव विकताना दिसलं तर वन विभागाच्या १९२६ वर कळवा, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो.

डॉ. निखिल: काका, त्या दोन घरांना सांगा, आधी पिल्लाला आईजवळ दूध पिताना बघून या. आईच्या फासळ्या, सड आणि जमिनीवरचा ओलावा बघितलात तरी पुष्कळ कळेल. विकणारा 'आई गावाला आहे' म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

संजय, सेक्रेटरी: जाहिरात काढली, स्क्रीनशॉट मेधाताईंना पाठवलाय. पत्राचा मसुदा आला की सह्यांसाठी वॉचमन केबिनमध्ये ठेवतो.