कमरेला उघड पिस्तूल चालतं असं कायदा म्हणतो, मग बेड्या कशासाठी?

एरीकाठी:
अमेरिकेत, ओहायोत येऊन अठरा वर्षं झाली, पण मागच्या महिन्यात घरासमोर जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा काढतोय. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजोबा राहतात, गोरे, सत्तरी ओलांडलेली. रोज संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला निघतात आणि उजव्या कमरेला चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल असतं, शर्ट आत खोचलेला, लपवाछपवी काही नाही. याला इकडे ओपन कॅरी म्हणतात आणि ओहायोत त्याला साधं लायसन्सपण लागत नाही. त्या दिवशी कोणीतरी ९११ ला, म्हणजे इकडच्या इमर्जन्सी नंबरला, फोन केला. दोन गाड्या आल्या, हात वर करा म्हणून आरडाओरडा, आजोबांनी हात वर केले तसा पट्टा सुटला आणि कुत्रा पळत आमच्या अंगणात. मी पट्टा धरून उभा आणि समोर फूटपाथच्या कडेला आजोबा बेड्या घालून बसलेले, चांगला अर्धा तास. शेवटी गुन्हा काहीच नाही म्हणून सोडलं. पोलिसाने पिस्तूल रिकामं करून एका हातात दिलं, गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुसऱ्या हातात, वर आम्ही गेल्याशिवाय भरू नका म्हणाला. माझ्याकडून पट्टा घेताना आजोबांचा हात इतका थरथरत होता की तो दोनदा निसटला.

माझं म्हणणं एकच. राज्याने कायदा केलाय, माणूस तो पाळतोय, तर शहरातल्या पोलिसाला तो कायदा आवडतो की नाही हा प्रश्न येतोच कुठे? आणि हे फक्त आमच्याकडेच घडतं असं नाही. २००९ मध्ये विस्कॉन्सिनच्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, लेखी कळवलं की नुसती उघड बंदूक बाळगणं म्हणजे शांतताभंग नव्हे. त्यावर त्याच राज्यातल्या मिलवॉकी शहराचे तेव्हाचे पोलीस प्रमुख एडवर्ड फ्लिन यांनी जाहीर सांगितलं की आमची माणसं आधी त्याला जमिनीवर पाडतील, बंदूक काढून घेतील आणि मग अधिकार आहे का ते बघतील. प्रमुखच असं बोलत असेल तर खालच्या शिपायाने काय शिकायचं?

रातराणी:
आजोबांबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. पण मी दुसऱ्या राज्यात सहा वर्षं ९११ चे कॉल घेतलेत, त्यामुळे त्या फोनची दुसरी बाजू मला माहिती आहे. कॉल करणारी बाई घाबरलेली असते, तिला होल्स्टर वगैरे शब्द सुचत नाहीत, ती एवढंच म्हणते की एक माणूस आहे, बंदूक आहे, शाळेच्या दिशेने चाललाय. स्क्रीनवर मी तेवढंच टाइप करते आणि गाडीतल्या पोलिसाला तेवढंच दिसतं. कुत्रा, चामड्याचं होल्स्टर, रोजची फेरी यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आणि कायदेशीर आहे म्हणून सोडून दिलं तर काय होतं तेही झालेलं आहे. ३१ ऑक्टोबर २०१५, कोलोराडो स्प्रिंग्ज. एका बाईने फोन करून सांगितलं की बाहेर रायफल घेतलेला माणूस फिरतोय, तिला सांगण्यात आलं की आपल्या राज्यात ओपन कॅरी चालतं. थोड्या वेळाने तिचाच पुन्हा फोन आला, त्याने एका सायकलवाल्याला गोळी घातली होती. मग आणखी दोन बायका गेल्या. फोन घेणारीने कायद्याप्रमाणे बरोबर तेच सांगितलं होतं हो. ती बातमी आली तेव्हा मी ड्युटीवर होते, हेडसेट काढून पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

एरीकाठी:
ताई, पोलिसांनी येऊच नये असं मी कुठे म्हणालो? या, गाडी थांबवा, बोला, लांबून बघा. बोलणं आणि बेड्या यात फरक आहे आणि तो कोर्टानेच केलाय. आमच्याच ओहायोतल्या टोलेडोची केस बघा. २०१० च्या उन्हाळ्यातली संध्याकाळ, एक माणूस बायको, मुलगी, नातू आणि कुत्रा घेऊन फिरतोय, कमरेला पिस्तूल. मोटरसायकलवरून जाणारा एक जण वाद घालतो आणि ९११ ला फोन लावतो. पोलीस येतो, पिस्तूल काढून घेतो, बेड्या घालून अर्धा तास गाडीत बसवतो. २०१५ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने, म्हणजे ओहायो ज्याच्याखाली येतं त्या केंद्रीय कोर्टाने, सांगितलं की राज्याने ज्याला परवानगी दिली आहे ती गोष्ट करणं म्हणजे संशय नव्हे, वेगळं काही कारण असेल तरच अडवा, आणि त्या पोलिसाला खटल्यातून सुटका दिली नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९६८ चा टेरीचा निकालही तेच सांगतो की अडवायला ठोस संशय पाहिजे, आणि तीही केस क्लीव्हलँडची, म्हणजे ओहायोचीच. ज्या राज्यातून हा नियम देशभर गेला तिथेच तो पाळला जात नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

जुना_फिलीकर:
एवढे निकाल सांगताय तर २०१३ चा नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचापण सांगा की. तिथेही अपील कोर्ट म्हणालं की जिथे ओपन कॅरीला परवानगी आहे तिथे नुसती उघड बंदूक दिसली म्हणून अडवता येत नाही, पण ज्याच्या अपिलावर ते म्हणालं तो माणूस आधी शिक्षा झालेला होता आणि बंदूक बाळगायचा त्याला अधिकारच नव्हता. पोलिसाने हात लावला म्हणून ते कळलं, नाहीतर कसं कळणार होतं? कमरेला बघून कोण शिक्षा झालेला आणि कोण कुत्रा फिरवणारे आजोबा हे सांगता येत नाही, आणि मुळात लायसन्सच नाही म्हटल्यावर विचारायला कागदही नाही!

मी फिलाडेल्फियात चोवीस वर्षं काढली. पेनसिल्व्हेनियात तेव्हा बाकी सगळीकडे उघड पिस्तूल लायसन्सशिवाय चालायचं, फक्त फिलाडेल्फियात लायसन्स लागायचं. २०११ मध्ये एक पंचविशीतला मुलगा पिस्तूल लावून चालत निघाला, त्याच्याकडे लायसन्स होतं. सार्जंटने त्याच्यावर बंदूक रोखली, शिव्या दिल्या, गुडघ्यावर बसवलं, आणि त्या सार्जंटला आपल्याच शहरातला नियम माहीत नव्हता. मुलाच्या खिशात रेकॉर्डर चालू होता. ते रेकॉर्डिंग त्याने इंटरनेटवर टाकल्यावर त्याच्यावर गुन्हे लावले, त्यातून तो निर्दोष सुटला आणि शहराने २५,००० डॉलर देऊन तडजोड केली. सार्जंट चुकला, शंभर टक्के. पण खिशात रेकॉर्डर चालू ठेवून पिस्तूल मिरवत चालणारा माणूस पोलीस येणार हे धरूनच निघालेला असतो असं मला आजही वाटतं, आणि त्या रस्त्यावरून माझी मुलं शाळेतून येत होती.

एरीकाठी:
फिलीकर, रेकॉर्डर नसता तर त्याचं कोणी ऐकलं असतं का, हे मनापासून सांगा.

बोरिवली_ते_प्लेनो:
डॅलसचं राहिलंच की. ७ जुलै २०१६ ला डाउनटाउनमध्ये मोर्चा होता, मी तेव्हा तिथून चार ब्लॉकवर ऑफिसात. टेक्ससमध्ये रायफल उघड्यावर घेऊन फिरणं पूर्वीपासून चालतं, त्या दिवशी वीस-तीस जण खांद्याला रायफल लावून मोर्चात होते. गोळीबार सुरू झाला, पाच पोलीस गेले. पोलिसांनी त्या मोर्चातल्या एका काळ्या माणसाचा रायफलसह फोटो संशयित म्हणून ट्विटरवर टाकला. त्याने स्वतःहून पोलिसाजवळ जाऊन रायफल देऊन टाकली, पण फोटो कितीतरी तास तसाच फिरत होता. त्याचा काय दोष? आणि पोलिसांचा तरी काय? वरून गोळ्या येतायत, खाली रायफलवाले पळतायत. नंतर प्रमुख डेव्हिड ब्राऊन यांनी हेच सांगितलं की गोळीबार सुरू झाल्यावर चांगला कोण आणि वाईट कोण हे कळायला मार्ग नसतो. माझ्यासाठी हा विषय त्या रात्री संपला. कायदा बदला, पोलिसाला दोष देऊ नका.

माधुकरी:
तुम्ही सगळे एक गोष्ट बाजूला ठेवताय. तो मोर्चा कशासाठी होता? आदल्याच दिवशी मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या काळ्या माणसाला ट्रॅफिक स्टॉपमध्ये पोलिसाने मारलं होतं. त्याच्याकडे लायसन्स होतं, पिस्तूल आहे हे त्याने स्वतः सांगितलं, गाडीत मागे चार वर्षांची मुलगी होती. तो ओपन कॅरीसुद्धा नव्हता, नियमाने सांगणारा माणूस होता. पोलीस २०१७ मध्ये निर्दोष सुटला. एरीकाठी, तुमचे आजोबा गोरे होते म्हणून अर्ध्या तासाने घरी गेले. २०१४ मध्ये तुमच्याच क्लीव्हलँडमध्ये बारा वर्षांच्या टमीर राइसच्या हातात खेळण्यातली बंदूक होती, त्याच राज्यात जिथे मोठ्या माणसाने खरी घेऊन फिरलं तरी चालतं, आणि गाडी येऊन थांबल्यावर दोन सेकंदांत गोळी. माझा नवरा सावळा, दाढीवाला, ग्रीन कार्डवर आहे म्हणजे कायद्याने तोही बंदूक घेऊ शकतो. शूटिंग रेंजवर जायची त्याला आवड पण आहे. मी त्याला शपथ घातली आहे की पिस्तूल डिक्कीत कुलपात, कमरेला कधीच नाही.

कॅलिफोर्नियातला इतिहासपण असाच. २ मे १९६७ ला ब्लॅक पँथर्स या काळ्यांच्या संघटनेचे लोक भरलेल्या बंदुका उघड घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले, भरलेली बंदूक उघड बाळगायला बंदी घालणारं बिल आधीच आलेलं होतं, पण मग भराभर पास झालं आणि गव्हर्नर रेगन यांनी सही केली. हक्क कोणाच्या कमरेला आहे त्यावर सगळं ठरतं.

उसाचा_फड:
सांगलीकडून लिहितोय. आमच्या घरात आजोबांच्या नावची बारा बोअर होती, रानडुकरं ऊस लोळवतात म्हणून. इलेक्शन लागलं की पोलीस ठाण्यातून निरोप, बंदूक जमा करा. वडील ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून एसटीतून न्यायचे, हवालदार नळीत बघणार, नंबर रजिस्टरला लिहिणार, मग पावती. निकाल लागला की पावती दाखवून परत. त्यात कधी अपमान वाटला नाही कारण गावात बंदूक कोणाची आणि कशाला हे त्या हवालदाराला माहीत होतं. तुमच्याकडे पोलिसाला बंदूकवाल्याचं नाव-गाव माहीत नाही आणि बंदूकवाल्याला पोलिसाचं नाही, दोघंही भ्यालेले. आपल्याकडे परवाना म्हणजे कलेक्टरची मेहरबानी हे पण खरं, वारस नोंद करायला आम्हाला तीन वर्षं हेलपाटे पडले.

रातराणी:
फडभाऊ, मुद्द्याचं बोललात. आणि माधुकरी, तुझं तर काहीच खोडता येत नाही. पण हे नियम शहर करू शकत नाही ही खरी अडचण आहे. क्लीव्हलँडने स्वतःचे बंदुकीचे नियम ठेवायला कोर्टात भांडून बघितलं, २०१० मध्ये ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने राज्याचाच कायदा चालेल म्हणून सांगितलं. २०१६ ला तिथे रिपब्लिकन अधिवेशन होतं तेव्हा पोलीस युनियनच्या अध्यक्षांनी गव्हर्नर केसिक यांना विनवलं की तेवढे दिवस ओपन कॅरी थांबवा, ते म्हणाले मला तो अधिकारच नाही. त्या परिसरात टेनिस बॉल आणि पाण्याच्या पिचकाऱ्यांना बंदी होती, खऱ्या बंदुकीला नाही. कायदा करणारे राजधानीत बसतात आणि रस्त्यावर उभा राहतो शहराचा पोलीस. तो घाबरतो आणि मग चुकतो, मी त्याचा आवाज रेडिओवर ऐकलेला आहे.

एरीकाठी:
ताई, घाबरतो हे मान्य. पण आजोबाही घाबरले होते आणि त्यांना तर चुकायची मुभाच नव्हती, हात एक इंच खाली आला असता तरी मी आज वेगळा धागा काढला असता. फोन घेताना होल्स्टरमध्ये आहे का हातात आहे, कोणाशी भांडतोय का नुसता चालतोय, एवढे दोन प्रश्न विचारले आणि ते गाडीतल्या स्क्रीनवर आले तर किती फरक पडेल हे तुम्हीच जास्त सांगू शकाल.

माधुकरी, गोरे होते म्हणून घरी गेले हे तुमचं वाक्य मी आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले शी इज राइट.

उसाचा_फड:
आता फिरायला जातात का ते?

एरीकाठी:
जातात. पिस्तूल तसंच, पण आता आजीही बरोबर असतात, दहा पावलं मागे, फोनचा कॅमेरा चालू ठेवून. तक्रार दिली आहे त्यांनी, साक्षीदार म्हणून माझं नाव आहे, पुढच्या मंगळवारी जबाब द्यायला बोलावलंय.