नदीखोऱ्यातली जंगलवाट, ग्रॅव्हल बाइक (खडी-मातीच्या वाटेची सायकल): टायरमध्ये हवा किती?

प्रश्न: राखीव जंगलातली वाट आहे, गाड्यांना बंदी. वर सैल खडी, खाली नदीकाठी ओला गाळ आणि मुळं. टायर ४० मिमी ट्यूबलेस, माझं वजन ७० किलो. ५० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) चढाला मागचं चाक नुसतं फिरतं. किती ठेवू?

उत्तर: ५० फारच जास्त. एवढ्या हवेत टायर दगडावर बसत नाही, उसळतो. पुढे २८, मागे ३१ पासून सुरू करा आणि २-२ने उतरवत जा. रिम दगडाला ‘टक्क’ लागली की २ परत वाढवा. फ्लोअर पंपाचा काटा कमी दाबाला भरवशाचा नसतो, दाब मोजायचा वेगळा गेज घ्या. आणि सैल खडीच्या चढाला पेडलवर उभं राहू नका; मागच्या चाकावरचा भार निघतो. बसून, हलका गिअर.

उत्तर: ट्यूब असेल तर ४-५ जास्त, नाहीतर ती रिमखाली चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसला सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) साधारण ६०-८० मिली. दर २-३ महिन्यांनी तपासा. वाळून रबराच्या गोळ्या झाल्या असतील तर काट्याचं भोकही बुजणार नाही.

उत्तर: ओल्या मुळांचंही बघा. काटकोनात ओलांडा, त्या क्षणी ब्रेक नको, हँडल सरळ. गाळ डिस्क ब्रेकचे पॅड झपाट्याने खातो. अस्तर १ मिमीच्या आत आलं की बदला. निघण्यापूर्वी टायरच्या खाचांतला चिखल ब्रशने काढा, त्यातून बाहेरच्या तणाचं बी जंगलात जातं. हे कृपया टाळू नका.