कापडाइतकाच मुंढाही बघा

शिंप्याकडून शर्ट शिवून घ्यायचा म्हटलं की कापडाच्या काउंटवर, म्हणजे सूत किती बारीक आहे त्या आकड्यावर, बरीच चर्चा होते. त्यात एक भर: सूत एकपदरी आहे की दुपदरी, हेही विचारून घ्या. त्याच काउंटचं दुपदरी कापड जास्त टिकतं.

पण माझ्या मते शर्ट ठरतो तो मुंढ्यावर, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेच्या गोलाईवर. मुंढा खोल कापला की हात वर केल्याबरोबर शर्ट पँटमधून बाहेर येतो. ट्रायलला बहुतेक जण आरशासमोर नुसते ताठ उभे राहतात. तसं अजिबात करू नका. हात वर करा, पुढे ताणा, खुर्चीत बसा. बसल्यावर दोन बटणांमध्ये फट पडत असेल तर तिथल्या तिथे सांगा.

कॉलरचं बकरम (कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कडक कापड) चिकटवायचं की शिवायचं, तेही आधीच ठरवा. चिकटवलेलं हलक्या प्रतीचं असेल तर धुता धुता कॉलरवर फुगे येतात, आणि मग कितीही इस्त्री फिरवा, ते काही जात नाहीत.

आणि कृपा करून एकदम चार शर्ट शिवायला टाकू नका. एकच शिवून घ्या, तीन-चारदा धुवा, मग गळा आणि बाही पुन्हा मोजा. सुती कापड थोडंफार आटतंच. त्याप्रमाणे माप दुरुस्त करून बाकीचे टाका.