अनुभव धागा : बॉक्स मिक्सच्या नाताळ कुकीज आणि बार (माप लिहा, 'अंदाजे' चालणार नाही)

एडिसनकर
शाळेतून कुकी एक्स्चेंजची (घरोघरी कुकीज करून आपसात वाटायच्या) चिठ्ठी आली आणि रेसिपीच्या डब्यातलं जुनं तेलकट कार्ड वर आलं. 'केक मिक्स १ बॉक्स, तेल अर्धा कप, अंडी २, ३५० ला १० मिनिटं.' संपलं. (३५० हे फॅरनहाइट.) त्या काळी बॉक्स १८.२५ औंसांचा, म्हणजे ५१७ ग्रॅम. आता डंकन हाइन्स ब्रँडचा १५.२५ (४३२ ग्रॅम), आणि बेटी क्रॉकर ब्रँडच्या बऱ्याच चवी १३.२५ वर (३७५ ग्रॅम) आल्यात. कार्डावरचं तेल आणि अंडी मात्र जागच्या जागी. मग कुकी ट्रेवर धिरड्यासारखी पसरते आणि आपण ओव्हनला शिव्या घालतो.
तर बॉक्सवर कुकीज, बार काहीही करत असाल तर लिहा. किती ग्रॅमचा बॉक्स ते आधी.

ओहायोकर
हिशेब सरळ आहे. ५१७ ला अर्धा कप तेल (८ टेबलस्पून) आणि २ अंडी, तर ३७५ ला पावणेसहा टेबलस्पून तेल, १ अंडं आणि १ पिवळा बलक. पांढरं वगळायचं, कारण पाणी त्यात असतं आणि पसरवतं तेच.
४३२ च्या बॉक्सला अर्धा कप तेल नि २ अंडी चालून जातात, पण पीठ आधी २० मिनिटं फ्रीजमध्ये.
दुसरा उपाय म्हणजे भर घालणे. ८५ ग्रॅम कमी पडत असेल तर ४५ ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम साखर, पाव टीस्पून बेकिंग पावडर. नुसता मैदा घातलात तर कुकी फिकट आणि कोरडी होते, मिक्समध्ये साखरेचा वाटा मोठा असतो.

मिरपूड
बॉक्स बारीक झाला, आपण नाही झालो 😀

लोणकढी
तेलाऐवजी बटर घालणारे घालतात, पण तूप घालणार असाल तर थांबा. १ स्टिक = ११३ ग्रॅम बटर, त्यात साधारण ९० ग्रॅम स्निग्ध आणि १८ ग्रॅम पाणी. तूप म्हणजे सगळं स्निग्धच. ११३ ग्रॅम तूप ओतलं की कुकीच्या कडेने तूप सुटतं आणि मधे भुसभुशीत. ७ टेबलस्पून तूप + १ टेबलस्पून दूध, हे बरोबर बसतं.
यलो मिक्स (साधं पिवळं केक मिक्स), तूप, १ टीस्पून ताजी वेलची, चिमूटभर जायफळ, वर पिस्त्याचा काप : नानकटाईच्या जवळ जाते. पण नानकटाई नव्हे हं. मिक्समध्ये खायचा सोडा, पावडर आधीच असते, त्यामुळे ती फुगून मऊच राहणार. खुसखुशीत हवी तर अंडं एकच, आणि ३२५ ला १४-१५ मिनिटं.

चिमणराव_डॅलस
वेलची पूड डब्यातली चालेल का?

लोणकढी
चालेल, दीडपट घाला. सहा महिन्यांवरची असेल तर राहू दे.

सेंट_लुईसवाली
बारमध्ये आमच्या गावचा गूई बटर केक न लिहिणं म्हणजे गुन्हा. मूळचा खमीरवाला, बेकरीत मिळतो. घरी बॉक्सवर करतात तो असा :
खाली : यलो मिक्स ४३२ ग्रॅम, १ स्टिक वितळलेलं बटर, १ अंडं. ९ बाय १३ च्या ट्रेत थापा, वाटीच्या बुडाने दाबून. बॉक्स १३.२५ चा असेल तर बटर ६ टेबलस्पूनच, नाहीतर तळ तेलकट.
वर : २२६ ग्रॅम क्रीम चीज (बाहेर तासभर ठेवलेलं, गार असेल तर गुठळ्या राहतातच), २ अंडी, व्हॅनिला, पिठीसाखर ४५० ग्रॅम. ४५० आपल्या जिभेला फार होते. ३२० वर आणा, चिमूटभर मीठ आणि लिंबाची किसलेली साल.
३५० ला ३८-४० मिनिटं. आता नीट वाचा. ट्रे हलवला की कडा जागेवर बसलेल्या आणि मधला पंज्याएवढा भाग थरथरायला हवा, खरवस हलतो तसा. तिथेच बाहेर. सुरी खुपसून 'कोरडी निघते का' बघितलंत तर वेळ गेली, तो चीजकेक झाला. दोन तास थांबून कापा. गरम कापाल तर चमच्याने खा.
क्रीम चीजमध्ये केशर-वेलची घातली की श्रीखंडाच्या अंगाने जातं. दुधात भिजवलेलं केशर १ टेबलस्पूनपेक्षा जास्त दूध नको.

शाकाहारी_शिकागो
अंडं नको असेल तर? घरात सासूबाई आहेत आत्ता.

ओहायोकर
कुकीला एका अंड्यामागे पाव कप घट्ट दही. साधं पातळ दही असेल तर फडक्यात अर्धा तास टांगा. चक्क्याएवढं घट्ट नको. सफरचंदाचा गर पण चालतो, मात्र कुकी केकसारखी होते. गूई बटरचा वरचा थर बिनअंड्याचा जमवायचा तर २ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर. बसतो, पण ती थरथर येत नाही.
केकच करायचा असेल तर ३५५ मिलीचा सोड्याचा (कोल्ड्रिंकचा) एक कॅन + एक बॉक्स, अंडं तेल काही नको. कुकीला हे चालत नाही, फार पातळ.

लोणकढी
सासूबाईंसाठी करताय तर वरची सजावटही बघा. मार्शमेलोत जिलेटिन. चकचकीत लाल-हिरव्या साखरमण्यांवर 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' लिहिलेलं असतं, ती लाख, किड्यापासूनची. लाल रंगात 'कार्माइन' दिसलं तर तोही किडा. डँडीज नावाचे बिनजिलेटिनचे मार्शमेलो मिळतात.

शाकाहारी_शिकागो
बाप रे. पिस्ता आणि सुक्या क्रॅनबेरी झिंदाबाद. लाल-हिरवं आपोआप.

डेन्व्हरची_भाकरी
उंचावरच्यांनी वरची सगळी मापं तशीच उचलू नका. ५२८० फुटांवर पाणी साधारण ९५ सेल्सिअसलाच उकळतं, हवेचा दाब कमी म्हणून वायू लवकर फुगतो, कुकी आधी चढते मग बसते. बॉक्सला २ टेबलस्पून मैदा जास्त, १ टेबलस्पून पाणी जास्त, ओव्हन ३७५, आणि २ मिनिटं आधी काढा. ३५०० फुटांच्या वर मापं बदलावी लागतात.

मिरपूड
महाबळेश्वर ४५०० आहे. तिकडच्यांनी नोंद घ्यावी 🙏

सुगरण_पण_आळशी
क्रिंकल कुकीज (पिठीसाखरेत घोळलेल्या, वर भेगा पडणाऱ्या). पिठीसाखर पिऊन टाकतात आणि नुसता करडा डाग राहतो, हे कितीजणांना होतं? कारण दोन. पीठ ओलं आणि गोळा गरम.
डेव्हिल्स फूड (गडद चॉकलेटचं) किंवा रेड व्हेल्व्हेट मिक्स, वरच्या मापाने तेल-अंडी, फ्रीजमध्ये ४५ मिनिटं. मग २० ग्रॅमचा गोळा (मोठ्या लिंबाएवढा नाही, आवळ्याएवढा). आधी साध्या जाड साखरेत घोळा, मग पिठीसाखरेत, झटकू नका. जाड साखर मधे भिंत धरते, पिठीसाखर विरघळत नाही. गोळा दाबायचा नाही, आपसूक बसतो, आणि फुटतो तो वरून. ३५० ला १० मिनिटं. भेगांच्या आत ओलसर दिसायला हवं. तिथे कोरडं दिसलं तर ट्रेवरच दगड होतो.
दुसरा घाणा गरम ट्रेवर ठेवू नका!! ट्रे नळाखाली गार करा, पुसा, मग ठेवा. तळ वितळून झालरी येतात त्या यामुळे.

चिमणराव_डॅलस
आमचा ट्रे काळा आहे, बुडं करपतात.

सुगरण_पण_आळशी
काळ्याला २५ डिग्री कमी. काचेच्या भांड्यात बार करत असाल तरी ३२५.

पुणेरी_ओटीजी
इथे भारतात १५.२५ औंस वगैरे बॉक्स सहज मिळत नाहीत. बिनअंड्याचं मिक्स आहे, त्यात काय करायचं? आणि ओटीजीचं सेल्सिअसमध्ये सांगा, फॅरनहाइट ऐकून डोकं गरगरतं.

एडिसनकर
३५० म्हणजे १७५, ३२५ म्हणजे १६५. ओटीजीत दोन्ही रॉड, मधला कप्पा, १० मिनिटं तापवून. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ येतो, त्यामुळे १७० पुरे, आणि ७ मिनिटांनी ट्रे फिरवा.
बिनअंड्याचं मिक्स अंड्याशिवाय फुगेल असंच बांधलेलं असतं, त्यात अंडी घालायला जाऊ नका. २५० ग्रॅम मिक्सला ६० ग्रॅम वितळलेलं बटर, मग दूध चमच्याने. दोन टेबलस्पूनला गोळा जमायला लागतो. शंकरपाळ्याच्या पिठापेक्षा थोडं सैल झालं की बंद. पाकिटावर लिहिलेलं पाणी-तेल केकसाठी आहे, ते विसरा.

पुणेरी_ओटीजी
शंकरपाळ्याची उपमा दिलीत, आता कळलं.

वसईचा_पाव
बॉक्सला नाकं मुरडणाऱ्यांसाठी माहिती : पहिलं बॉक्स मिक्स नाताळच्याच चवीचं होतं. पिट्सबर्गच्या डफ कंपनीने मोलॅसेस पिठात वाळवून जिंजरब्रेडचं मिक्स केलं, पेटंट १९३३ चं. अंडं वेगळं घालायला सांगणारं दुसरं पेटंट १९३५ चं. 'गृहिणींना अपराधी वाटू नये म्हणून मानसशास्त्रज्ञांनी अंडं घालायला लावलं' ही गोष्ट सगळे सांगतात, पण ताज्या अंड्याची कल्पना त्याच्या कितीतरी आधीची.

लोणकढी
आणि बोलिन्यांचं (नारळाच्या नाताळच्या कुकीज), कुलकुलांचं बॉक्स अजून नाही आलं ते बरंय.

वसईचा_पाव
कुलकुलं फोर्कवर वळणारे हात बॉक्समध्ये कसे मावणार

टेक्सासची_ताई
साच्याने कापायच्या कुकीज : बेटी क्रॉकरचं शुगर कुकीचं पाकीट ४९६ ग्रॅमचं आहे. मागे दोन कृती असतात, बहुतेक जण पहिली वाचतात. कापायच्या कुकीला बटर एक तृतीयांश कप, १ अंडं, १ टेबलस्पून मैदा. पूर्ण स्टिक घातलीत की तारा गोल होतो, झाड ढब्बू मिरची. पाव इंच जाड लाटा, दोन पार्चमेंटच्या (बेकिंगच्या कागदाच्या) मधे. पिठी भुरभुरवून लाटलं तर खाली पांढरे डाग पडतात. कापल्यावर ट्रेसकट १५ मिनिटं फ्रीझर. कडा नुसत्या सोनेरी झाल्या की काढायच्या.

चिमणराव_डॅलस
पार्चमेंट संपलंय, वॅक्स पेपर आहे घरात. तोच लावू?

टेक्सासची_ताई
नाही!! मेण वितळतं, धूर होतो. लाटायला घ्या, ओव्हनमध्ये नको. भाजायला ट्रेला बटर चोळा.

ओहायोकर
ब्राउनी मिक्सचे बार कुणी लिहिलेच नाहीत. बॉक्सवर लिहिलेलं पाणी पूर्ण वगळून त्याजागी तेवढीच गार कॉफी. पेपरमिंटची काठी (कँडी केन) कुटून घालायची तर ओव्हनमधून काढल्यावर, ५ मिनिटांनी. आधी घातली तर वितळून चिकटपट्टी होते, दाताला लागते आणि ट्रेला त्याहून. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एक काप, परत पुसून. प्लॅस्टिकची सुरी जास्त सरळ कापते, खरंच.

शाकाहारी_शिकागो
मुलं कच्चं पीठ चाटतात. बिनअंड्याचं असेल तर चालतं ना?

सेंट_लुईसवाली
नाही. मैदासुद्धा कच्चाच असतो, साल्मोनेला आणि ई. कोलाय त्यातूनही जातात. बिनअंड्याने प्रश्न सुटत नाही. चाटायला क्रीम चीज आणि साखरेचा थर द्या, अंडं घालायच्या आधी वाटीत काढून.

मिरपूड
म्हणजे आईने चाटायचा तो आधीच काढून ठेवलेला वाटा 😋

एडिसनकर
एक्स्चेंजला प्रत्येकी एक डझन, म्हणजे आठ घरं असतील तर ९६. २० ग्रॅमच्या गोळ्याने ४३२ च्या बॉक्समधून ३०-३२ निघतात, तेल-अंडी धरून पीठ साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. तीन बॉक्स कसेबसे, चौथा आणून ठेवा.

सुगरण_पण_आळशी
आणि डब्यात भरताना पेपरमिंटचे बार वेगळे. एका डब्यात ठेवले तर सकाळी वेलचीच्या कुकीला टूथपेस्टचा वास.

लोणकढी
मऊ नि कुरकुरीत पण एकत्र नको. मऊवाल्या डब्यात पावाची एक चकती टाका, दुसऱ्या दिवशी पाव कडक, कुकी मऊ.

चिमणराव_डॅलस
बटर चोळून ठेवलेत ट्रेवर. काळ्या ट्रेला ३२५ च ना?

सुगरण_पण_आळशी
हो. आठव्या मिनिटाला बघा.